माई चिएद्झाचे बूट

मुटारे शहरातल्या बागेत माई चिएद्झा कामाला लागली, तेव्हा तिच्या पायात नवऱ्याचे रबरी बूट होते. पुढे कापडाचा बोळा कोंबायचा, वर सुतळी आवळायची आणि उतारावर गवत कापायला निघायचं. दुपारपर्यंत आत पाय उकडून निघत. तिचं खरं नाव मुचानेता. पण लेक चिएद्झा झाल्यापासून सगळे तिला माई चिएद्झा, म्हणजे चिएद्झाची आई, म्हणत; त्या जुन्या नावाने तिला फक्त तिची आई हाक मारी.

बागेत सगळे ज्यांना सेकुरू, म्हणजे आजोबा, म्हणत ते म्हातारे झ्विदझाई जन्मभर अनवाणी राबलेले. तिला बघितलं की ते ओरडत, "आलं गं बाई बदक! अगं, मातीला पाय लागू दे जरा, झाडं ओळख ठेवतील."

"झाडांनी ठेवावी हो सेकुरू. सापांनी ठेवू नये म्हणून घालते."

एका सकाळी धुक्याने उतार ओला होता. तिचा पाय बुटातल्या बुटात फिरला. बूट जागेवर आणि बाई खाली! हातातली कुंपण छाटायची कात्री मांडीला चाटून गेली. सेकुरूंनीच धावत येऊन जखम बांधली. त्या दिवशी ते हसले नाहीत.

जखम भरल्यावर तिचा नवरा, बाबा चिएद्झा, तिला घेऊन बाजारात गेला. ती मुद्दामच काम उरकून, संध्याकाळी आली होती. दिवसभर उभं राहून पाय फुगतो, खरं माप तेव्हाच कळतं. जाड मोजेही बरोबर आणले होते.

दुकानदाराने गुलाबी फुलांचे बूट पुढे केले. "बायकांना हेच आवडतात."

"फुलं मी बागेत लावते रे बाबा. मला घोट्याच्या वर येणारे, पुढे टणक असलेले दाखव."

एक जोड उकिडवं बसल्यावर बोटांना चावला. दुसऱ्याची टाच निसटत होती. तिसरा घालून ती दुकानातल्या शिडीवर चढली, उतरली, मग म्हणाली, "फरशीवर जरा पाणी ओत."

"बूट घेताय की लेकीसाठी नवरा बघताय?" दुकानदार वैतागला.

"नवरा करताना एवढं कुठे बघितलं होतं!"

सगळ्यात मोठ्याने बाबा चिएद्झाच हसला. ओल्या फरशीवर बूट घसरले नाहीत. तोच जोड घेतला. आठवडाभर संध्याकाळी घरातच घालून तिने चामडं मऊ केलं, मग बागेत नेला.

पुढे उन्हाळ्यात खताच्या ढिगातली काच सेकुरूंच्या टाचेत खोल गेली. ते घरी पडून होते. माई चिएद्झा मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा आणि पालेभाजी घेऊन गेली. जेवता जेवता, भिंतीकडे बघत ते पुटपुटले, "त्या दुकानात... म्हाताऱ्यांच्या मापाचे असतात का गं?"

चिडवायची केवढी संधी होती! पण तिने त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली आणि म्हणाली, "टाच बरी झाली की जाऊ."

अनवाणी चालून त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी पसरली होती. दुकानात एकेक जोड बोटांना अडत गेला. शेवटी माळ्यावरून एक रुंद जोड निघाला. तिने खाली बसून नाड्या सैल ओवल्या, पुढे अंगठ्याएवढी जागा आहे ना ते दाबून पाहिलं. सेकुरू उभे राहिले, नव्या वासरासारखे पाय उचलत दारापर्यंत गेले.

"कुठे टोचतंय?"

"कुठेच नाही," ते आश्चर्याने म्हणाले.

घरी जायची बस आली, तरी ते चढेनात. "तू हो पुढे, मुचानेता," ते म्हणाले, "मी चालतच येतो."

ती बसमध्ये चढली नाही. दोघं चालत निघाली.