पहिला हात

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या सड्यावर, उघड्या पठारावर यायचं आणि पलीकडे कोयनेच्या खोऱ्यात उतरायचं, ही वाट जन्नतबीच्या पायांना नवऱ्याने लावली. इलियास होता तोवर बांगड्यांचा पेटारा त्याच्या डोक्यावर असे आणि ती मागून पिशवी घेऊन चाले. तो गेला, पेटारा तिच्या डोक्यावर आला, वाट तीच राहिली. सुनेला, अख्तरबीला, तिने एकदा बरोबर आणलं होतं. कासपर्यंत येऊन पोरीने हात जोडले. लोकांची धुणी धुवीन, पण हा डोंगर नको, म्हणाली. जन्नतबीने तिला बोल लावला नाही. डोंगर तिला स्वतःला तरी कुठे हवा होता?

लढाई चालू होती त्या चव्वेचाळीस सालची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. आगगाडीच्या वाघिणी लढाईच्या मालाला लागल्याने उत्तरेकडून काच येईनाशी झाली होती. मिळाला तेवढा हिरवा माल गवतात गुंडाळून ती निघाली. सड्यावरची फुलं सुकून काळी पडली होती, आणि जांभ्या दगडावरचा वारा पेटाऱ्यालाच उचलू बघत होता. शहरातली माणसं हा डोंगर बघायला हौसेने येतात म्हणे. त्यांच्या डोक्यावर काही नसतं. समोर वासोट्याचा कडा उभा होता. जन्नतबी उतार सुरू झाला की त्याच्याकडे बघायची नाही. दुखरे गुडघे सांभाळत एकेक पाय दगडावर टेकवत उतरायचं, तिथे वर कोण बघतो?

धारेवाडीत पहिला हात मोऱ्यांच्या घरचा. वासोट्यावर शिबंदी असे तेव्हा या घरचा पुरुष कायम गडावर असायचा, म्हणून त्याच्या बायकोचा चुडा आधी भरायचा आणि मग गावच्या लेकीसुनांचा, असं म्हाताऱ्या बायका सांगत. गडावर आता माकडं नांदत होती, पण मान राहिला होता. मोऱ्यांचं घर गावाच्या डोक्यावर. वाट मात्र खालच्या अंगाने गावात शिरे, आणि पहिली ओसरी लागे ती साळूबाईची.

जन्नतबी तिथेच बसली. पाणी प्यावं, दम खावा आणि मग वर चढावं, एवढंच मनात होतं. साळूबाईने ताक दिलं. चार बायका जमल्या. कोणीतरी पेटाऱ्याची दोरी सोडली, साळूबाईने हात पुढे केला, आणि जन्नतबीची बोटं वर्षानुवर्षांच्या सवयीने चालू लागली. दोन बांगड्या चढल्यावर तिच्या ध्यानात आलं, ओसरीवर कोणी बोलत नाही.

"म्हंजे खरं हाय तर," साळूबाई म्हणाली.

मग कळलं. मोऱ्यांचा सयाजी मराठा पलटणीत होता. भादव्यात तार आली होती, इटलीच्या लढाईत तो सापडत नाही म्हणून. मेला असं नाही, जिवंत असंही नाही. तेव्हापासून गाव अडून बसलं होतं, त्याच्या बायकोला, बनुबाईला, काय समजायचं, सवाष्ण की विधवा? जन्नतबी साताऱ्याची. पलटणीच्या बातम्या तिकडे आधी येतात. आणि ती मोऱ्यांचं घर सोडून इथे बसली. आणखी काय सांगायला हवं?

जन्नतबीने काकुळतीने सांगितलं, गुडघे राहिले म्हणून बसले, दुसरं काही नाही. साळूबाईने समजुतीने मान हलवली. असली गोष्ट तोंडाने कशी सांगावी कोणी, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

जन्नतबी पेटारा घेऊन वर पोचली तोवर बातमी पुढे गेली होती. सयाजीचा बाप नाथाजी अंगणात दोर वळत बसला होता. मान वर झाली नाही. सयाजीची आई, अंबूबाई, चुलीपुढूनच म्हणाली, "कुनी सांगितलं तुला? नाव सांग. म्या सोता जाऊन इचारती."

"कुनी काय बी सांगितलं न्हाई, अंबूबाई. नातवाची आन."

"आन घिऊ नगंस," नाथाजी म्हणाला. "आमच्यापायी खोटं बोलतीस, त्येचं पाप तुज्या नातवावर कशाला?"

जन्नतबीने नाथाजीकडे पाठ वळवून लुगडं वर घेतलं आणि दारात उभ्या बनुबाईला गुडघे दाखवले. ते तांब्याएवढे सुजले होते. बनुबाई खाली बसली. बोटाने दाबून बघितलं. मग उठून आत गेली, तव्यावर निरगुडीचा पाला शेकून आणला आणि चिंधीने बांधला. तिच्या हातात जुन्या दोनच बांगड्या होत्या. गाठ मारून झाल्यावर तिने तेच हात पुढे केले.

"भरा, मावशी."

"गावानं पयला हात न्हेला," आतून अंबूबाई म्हणाली. "आता कसला चुडा भरतीस?"

"पयला न्हिऊ द्या, आत्याबाई. म्या दुसरी."

गेल्या साली याच हाताला साबणाचं पाणी लावून, अंगठा मुडपून बांगडी चढवावी लागली होती. आता त्याच मापाची बांगडी आपोआप कोपराकडे घसरली. जन्नतबीने ती काढून घेतली आणि पोरीबाळींसाठी आणलेलं लहान माप भरलं. बनुबाईने रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. चुडा अखंड राहो, हे शब्द जन्नतबीने आयुष्यभर गावोगाव वाटले होते. आज ते म्हणताना तिला आत बसलेल्या अंबूबाईकडे बघवलं नाही.

संध्याकाळपर्यंत खालून कोणी वर आलं नाही. ज्यांचे नवरे लढाईवर होते त्यांनी, बनुबाईच्या हाताला लागलेल्या हाताने आमचा चुडा नको, असा निरोप धाडला. बाकीच्या त्यांच्या तोंडाकडे बघून घरीच बसल्या. साळूबाईने हातातल्या दोन बांगड्या काही उतरवल्या नाहीत.

रात्र मोऱ्यांच्या ओसरीवर काढून सकाळी जन्नतबी परत निघाली, तेव्हा नाथाजीने पेटारा स्वतःच्या डोक्यावर घेतला. चढणभर तो पुढे आणि ती काठी टेकत मागे. खिंडीत पोचल्यावर त्याने पेटारा दगडावर ठेवला. खाली खोऱ्यात धुकं भरलं होतं, एकही घर दिसत नव्हतं.

"बायामानसं ऱ्हायली खाली," तो म्हणाला. "आता तरी सांग."

"न्हाई वं, बाबा. खरंच ठावं न्हाई."

काल साळूबाईने हलवली होती तशीच समजुतीने त्यानेही मान हलवली, आणि पेटारा उचलून तिच्या डोक्यावर दिला.