मोरपंखी साडीचा ब्लाउजपीस

आई जाऊन चार महिने झाले. काल अमेरिकेतल्या वसाहतींच्या काळातल्या दुकानांविषयी वाचत होते. पीठ, खिळे आणि कापडाचे तागे एकाच छपराखाली. दुकान इतकं अंधारं, की बायका कापड दाराशी नेऊन रंग पारखत. तिथेच मी पुस्तक मिटलं.

आमच्या घराजवळच्या केबिन रोडवरच्या कापडाच्या दुकानात आईचाही ट्यूबलाइटवर भरवसा नसे. एकदा मावसबहिणीच्या लग्नासाठी तिच्या मोरपंखी साडीवर ब्लाउजपीस घ्यायचा होता.

"भाभी, एकदम मॅचिंग है," दुकानदार म्हणाला.

"तुम्हारा मॅचिंग दुकान के अंदरही रहता है, भैया," म्हणत आईने खळीचा वास येणारं ते कापड आणि साडी माझ्या हातात दिली. "उन्हात बघून ये गं."

मी पायरीवर बसून पिशवीतल्या कादंबरीची दोन पानं वाचली आणि आत जाऊन सांगितलं, "सेम आहे."

लग्नात साडी निळसर दिसली आणि ब्लाउज हिरवागार. भर मे महिन्यात आई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन घामेजत बसली.

दुसऱ्याच दिवशी तिने मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. "सारखी वाचत असते हो, रंगही कळेनासे झालेत," ती काकुळतीने म्हणाली. मी तक्त्यावरची शेवटची ओळही घडाघडा वाचली. डोळे उत्तम आहेत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. अजून स्वतःचा संताप येतो.