आबा शेवटच्या पंगतीला

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासच्या सरांना धुळ्याच्या एका मिरची व्यापाऱ्याच्या वेबसाइटचं काम मिळालं. ते मला म्हणाले, ही चालली तर तुझी नोकरी पक्की. नाही चालली तर घरी वडील स्थळं हेरून टपलेलेच होते. माउस धरून पोरीचा लाटण्याचा हात बिघडतो, असं त्यांचं शास्त्र होतं.

सगळ्या पानांचा साचा एकच होता. सर त्याला ऐटीत थीम म्हणत. मी त्यात पानाचं रंगरूप ठरवणारी स्टाइलशीट एकदाच, वर जोडली. व्यापाऱ्याच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, फोटो चमकवणारी स्क्रिप्ट पार तळाशी ठेवली. निघायच्या सकाळी व्यापाऱ्याचा फोन आला, "बठ्ठास्ना आधी आबाना फोटो पाहिजे." सगळ्यांच्या आधी आबांचा फोटो, तर तो पानावर पहिलाच होता. पण मान म्हणजे मान, म्हणून सरांनी स्क्रिप्टसुद्धा उचलून स्टाइलशीटच्या डोक्यावर नेऊन बसवली. मी नको नको म्हणत राहिले. त्यांनी चालवून न बघताच मॉनिटर गोधडीत बांधला, कारण व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटर नव्हता.

एसटीत मॉनिटर माझ्या मांडीवर, सीपीयू पायाशी. सर खिडकीशी घोरत होते.

धुळ्यात, देवपुरात व्यापाऱ्याच्या घरी सगळे भाऊबंद जमले होते. नारळ फुटला, साइट उघडली आणि पडद्यावर एरर आली. येणारच होती. ब्राउझर फाइल वरून खाली वाचत जातो. स्क्रिप्टने फोटो मागितला तेव्हा फोटो अजून यायचा होता.

"काय म्हनस हाई?" आबांनी विचारलं.

सर मॉनिटरची वायर तपासायला लागले. मी म्हणाले, "म्हणतंय, आबा सापडत नाहीत."

"मी ते आठेच बठेल शे," समोरच बसलेले आबा म्हणाले.

हशा पिकला. व्यापारी मात्र हसला नाही. मी नोटपॅड उघडून स्क्रिप्ट खाली न्यायला लागले, तर तो भडकला, "आबाले खाले बसाडस का?"

मी सरळ आबांनाच विचारलं, "आबा, घरात लग्न असलं की तुम्ही कोणत्या पंगतीला जेवता?"

"शेवटली. बठ्ठा जेवनात का मंग मी."

"मग तुमची स्क्रिप्टही शेवटी."

आबांनी मान डोलावली, तशी मी स्क्रिप्ट खाली नेली. फोटो आला, पहिलाच आला आणि असा भडक चमकला की डोळे चुरचुरले. मिरचीवाल्यांना तो शोभलाही. माझी नोकरी पक्की झाली.

काही दिवसांतच आबांच्या नातवाचं स्थळ आमच्या घरी आलं. वडील हरखले. मला संताप आला आणि हसूही. म्हटलं, "आबांना कळवा, त्यांच्याच घरची रीत पाळतेय. आधी नोकरी. नवरदेव शेवटच्या पंगतीला."

वडिलांनी चिडून निरोप जसाच्या तसा पोचवला. आबांचा उलट निरोप आला, पंगत कधी उठेल तेवढं सांगा.

मी अजून सांगितलेलं नाही.