आईची डेअरी आणि माश्यांची आवक

एक माशी मारायला एक चप्पल पुरते असं वाटत असेल, तर तुम्ही त्या दुष्काळात आमच्या गावी आलेला नाहीत. आमच्याकडे माशी मारायला सर्वसाधारण सभा भरली होती. कोरम पूर्ण झाला होता. ठरावाला सूचक आणि अनुमोदक मिळाले होते. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण सभेच्या वहीत प्रोसिडिंग मीच लिहिलं. बारावीला आपटून घरी बसले होते आणि गावात माझ्याइतकं रिकामं दुसरं कुणी नव्हतं.

तर झालं असं, की दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं आणि आमच्या घरामागच्या माळावर चारा छावणी पडली. गावातली झाडून सगळी जनावरं तिथं बांधलेली. छावणी चालवायची गावच्या सेवा सोसायटीनं, आणि सोसायटीच्या चेअरमनना अख्खं गाव नुसतं चेअरमनच म्हणायचं. रिवाज असा, की चारा सरकारचा, जनावर ज्याचं त्याचं, आणि शेण छावणीवाल्याचं. चेअरमननी ते शेण उचलूच दिलं नाही. म्हणायचे, "पाऊस पडू द्या, मग बघा खताला कसा सोन्याचा भाव येतो." ढीग वाढत वाढत एवढा झाला की बालाघाटाच्या डोंगराला पाठचा भाऊ झाला म्हणून लोक पेढे मागायला लागले. पाऊस काही आला नाही. माश्या आल्या.

आता किती आल्या म्हणाल, तर आमचा पांढरा बैल चेअरमनना काळा म्हणून दाखवता आला असता. भिंतीवरच्या कॅलेंडरातला महिना कुठला चाललाय ते आम्हाला तीन आठवडे कळलं नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, घरातून पांढरा सदरा घालून निघाले की पारावर पोचेपर्यंत वकील झालेले असायचे. दिंद्रुडचा एक पाहुणा जेवायला बसला आणि घास घेताना तोंड उघडायचं की नाही या विचारात तसाच उपाशी उठला. पाहुणचारात कमी पडलो असं आम्हाला कुणी म्हणू नये. त्याच्या ताटात इतक्या जणी जेवल्या, की तेवढी पंगत आमच्या घरच्या कुठल्या लग्नातसुद्धा उठली नव्हती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आमच्या ओसरीत दुधाची डेअरी होती. गावातल्या बायकांची सहकारी दूध संस्था, आणि तिची सचिव माझी आई. छावणीत जाऊन बायकांनी धारा काढायच्या आणि किटल्या घेऊन सकाळी आमच्याकडे यायचं. आई टेबलामागं बसून दूध गाळून मापायची, लॅक्टोमीटर सोडायची, आणि पाणी घातलेलं दिसलं की तो बाहेर काढून नुसता वर धरायची. समोरची बाई आपोआप म्हणायची, "बाई, वासरानं पाणी जास्त पिलं आसंल." त्या टेबलामागं बसायच्या आधी आईला गावात कुणी नावानं ओळखत नव्हतं. अण्णांची बायको, नाहीतर अमक्याची सून. आता पंचायतीचे लोकही "सचिवबाई हायत का?" असं विचारत दारात उभे राहायचे.

आणि एक दिवस तालुक्याच्या दूध संघाचं पत्र आलं. केंद्रात माश्यांचा उपद्रव असल्याची तक्रार आली आहे, पंधरा दिवसांनी पर्यवेक्षक पाहणीला येतील, बंदोबस्त झालेला नसल्यास केंद्र सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवण्यात येईल. शेड चेअरमनच्या ताब्यात, माणसं चेअरमनची, म्हणजे टेबलामागं चेअरमनचा पुतण्या. तक्रार कुणी केली हे ओळखायला बारावी पास व्हायची गरज नव्हती.

आईनं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मला परत कुणाची तरी बायको व्हायचं न्हाई."

अण्णा म्हणाले, "अगं, मी हाय की जिवंत."

"तुमी जेवा," आई म्हणाली.

मग उपाय सुरू झाले. कडुनिंबाचा धूर केला. माश्या गेल्या नाहीत, आम्ही सगळे रस्त्यावर गेलो, आणि त्या दिवशीच्या दुधाचा चहा होळीसारखा लागला. मग कुणीतरी सांगितलं, की प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत पाणी भरून दारात टांगायचं, माशी त्यात स्वतःचं तोंड बघून भिते. टांगली. माश्या तिथंच राहिल्या, पिशवी गेली. शेजारचे बप्पा रिकामी पिशवी परत द्यायला आले. "लई गार व्हतं पाणी," म्हणाले. "पाणपोई हाय म्हणून कळवायचं तरी."

शेवटी अण्णांनी सभेचा मार्ग काढला. अण्णांचा विश्वास असा, की सहकारात ठराव केला की गोष्ट निम्मी होते. तातडीची म्हणून एका दिवसाच्या नोटिशीवर बायका आमच्या अंगणात जमल्या. चेअरमनना निमंत्रित म्हणून बोलावलं होतं. आईनं सरळच विचारलं, "ढीग कावून उचलत न्हाईत तुमी? माश्या तुमच्या हायत."

चेअरमन उपरणं झटकत म्हणाले, "वहिनी, माशी शेणावर जलमली आसंल, पण बसती कुठं? तुमच्या दुधावर. पोरगी नांदती तिथली आसती."

"मंग तुमचा रेडा आमच्या कडब्यावर येऊन बसतो," अण्णा म्हणाले, "त्यो काय आमचा जावई झाला?"

बायका अशा हसल्या की भिंतीवरच्या निम्म्या माश्या उठल्या आणि परत बसल्या. पण ढीग हलवायची गोष्ट तिथंच राहिली. मग अण्णांनी उभं राहून ठराव मांडला. दूध जसं थेंबाथेंबानं गोळा करून आपण टँकर भरतो, तशीच माशी गोळा करायची. प्रत्येक सभासदानं रोज सकाळी दुधाबरोबर चहाचा एक कप भरून मेलेल्या माश्या केंद्रावर आणून द्याव्यात. जी आणणार नाही तिचं दूध रांगेत शेवटी. सर्वानुमते मंजूर. आईनं सही करताना माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आपल्या घरातल्या माश्या कमी करायच्यात, आन आपण गावच्या माश्या घरात आणायला सांगतोय." पण सही झाली होती.

पहिले दोन दिवस नुसता चपलांचा आवाज. गावावरून जाणाऱ्यांना वाटायचं, गावजेवणात मारामारी लागली. तिसऱ्या दिवशी कळलं, की ज्यांची घरं छावणीपासून लांब, त्यांच्याकडं कपभर माश्याच भरत नाहीत. मग काय, आमच्या बायका. एकीनं कप भरावा म्हणून उंबऱ्याला गूळ लावला. एकीनं खरकटं उघडं ठेवून माश्या पाळल्याच, अगदी कोंबड्यांसारख्या, आणि शेजारणीला उसनवारीवर अर्धा कप दिला. एक मावशी एसटीनं मांजरसुंब्याला गेली आणि तिथल्या ढाब्याच्या मागून पिशवी भरून आणली.

आईनं तिचा कप टेबलावर ओतला, बोटानं चाळला आणि सरकवून दिला.

"ही आपल्या गावची माशी न्हाई."

"आगं बाई, माशीला काय गाव आसतंय?"

"आपली माशी दुष्काळातली. वाळकी. ही बघ, पोट सुटलंय हिचं. तेलातुपातली हाय ही."

मावशी ओशाळली. रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. दुधातलं पाणी ओळखणाऱ्या बाईपुढं माशी काय टिकणार?

या सगळ्या माश्या अण्णांनी टाकू दिल्या नाहीत. "पुरावा लागतो," म्हणाले. दुधाच्या पाच कॅनपैकी गळका म्हणून बाजूला काढलेला एक कॅन होता, त्यात साठवायला सुरुवात केली. सातव्या दिवशी तो गळ्यापर्यंत भरला. तिकडं जिवंत माश्यांत मात्र एकीचा फरक नाही. उलट गावभरच्या उंबऱ्यांना गूळ, त्यामुळं पलीकडच्या शिवारातल्याही राहायला आल्या होत्या. सातव्या दिवशी आई जेवली नाही. टेबल पुसत बसली. आधीच पुसलेलं परत पुसत होती.

आठव्या, म्हणजे पाहणीच्या दिवशी सकाळी उठलो आणि ओसरी पिवळी दिसली. आम्ही घाबरलो. मग लक्षात आलं, की भिंतीचा रंगच पिवळा आहे. माश्या नव्हत्या. एक नाही. आई बाहेर आली, वर बघितलं, खाली बघितलं, कान देऊन ऐकलं. अण्णा लगेच म्हणाले, "ठरावाची ताकद!" आई म्हणाली, "दम धरा. इतक्या जणी एकदम कुठं गेल्यात ते बघू द्या आधी." पण तेवढ्यात फटफटीवर पर्यवेक्षक आले. इस्त्रीची पँट, बगलेत फाईल.

त्यांनी ओसरी बघितली, गाळणीचं फडकं उजेडात धरून बघितलं, कॅनची झाकणं बघितली. "बाई, तक्रारीत तर वेगळंच लिहिलंय," म्हणाले. "इथं माश्या कुठायत?"

आणि नमुना घ्यायला म्हणून त्यांनी बरोबर तोच पाचवा कॅन उघडला, न बघता आत पळी घातली, आणि बाटलीत उपडी केली.

बाटलीत दूध पडल्याचा आवाज येतो. हा तसा नव्हता. शेंगदाण्याचा कूट पडावा तसा होता. साहेबांनी बाटली डोळ्यांसमोर धरली आणि तशीच धरून राहिले. रांगेतल्या चाळीस बायका हातात किटली आणि कप घेऊन माना उंचावून बाटलीकडं बघायला लागल्या. अण्णांनी भाषणासाठी घसा खाकरला. आईनं त्यांच्याकडं न बघता हात वर केला आणि अण्णा मिटले.

"साहेब," आई म्हणाली, "ह्यातली एक बी दुधात मेली न्हाई. समद्या चपलीनं मेल्यात. आठ दिवसाचं काम हाय आमच्या बायांचं. आमाला जमलं तेवढं केलं. आता केंद्र न्यायचं तर न्या, पण जिथं न्यायचं ती जागा बी ह्याच डोळ्यांनी बघा, एवढंच म्हणणं हाय."

साहेबांनी बाटली टेबलावर ठेवली. रागावले होते की हसू दाबत होते, ते मला आजही सांगता येत नाही. "चला," म्हणाले.

साहेब पुढं, आई त्यांच्या मागं, प्रोसिडिंग घेऊन मी, आणि मागं सगळ्या बायका. शेड अजून वळणापलीकडं होती तेव्हाच आवाज यायला लागला. मला वाटलं चेअरमननी पिठाची गिरणी टाकली. मग वास आला आणि उलगडा झाला. साहेबांच्या पाहुणचारासाठी चेअरमननी गेवराईहून दोन पाट्या गावरान आंबे आणले होते, आणि पहाटेपासून शेडमध्ये रस काढायला माणसं बसवली होती. दुष्काळात गावातल्या माणसांनी आंब्याचा वास घेतला नव्हता, माश्यांनी कुठला घेतलेला असणार? आमच्या घरच्या, छावणीच्या, गुळाच्या उंबऱ्यांवरच्या, सगळ्या जणी आमंत्रणाची वाट न बघता आल्या होत्या. पत्रे त्यांच्या वजनानं वाकले होते, असं अण्णा अजून सांगतात. मी तेवढं सांगत नाही. किंचित वाकले होते.

चेअरमननी साहेबांना पाटावर बसवलं आणि वाटी पुढं केली. "घ्या साहेब, संकोच करू नका."

साहेब वाटीत बघत म्हणाले, "रसात हे काळं काय आहे?"

चेअरमन काही कच्चे नव्हते. पापणी न लववता म्हणाले, "विलायची हाय, साहेब."

विलायची उडाली आणि साहेबांच्या चष्म्यावर बसली.

साहेबांनी वाटी खाली ठेवली, माझ्याकडून प्रोसिडिंग मागून घेतलं आणि उभ्या उभ्या शेरा लिहिला: केंद्र आहे त्याच जागी ठेवावे, छावणीतील शेण तत्काळ हलवावे. खाली सही केली आणि वही माझ्याकडं नाही, आईकडं दिली. "सचिव, पोच द्या." आईनं पदराला हात पुसले आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. लई वेळ लावून लिहिलं. आम्ही चाळीस-एक्केचाळीस जणी माश्या हाकत उभ्या होतो, पण कुणी घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका परत किटली आणि कप घेऊन रांगेत हजर. अण्णा म्हणाले, "अगं, आता कशाला? केंद्र राहिलं की."

आई म्हणाली, "ठराव रद्द करायला सभा लागती. आता कसली आलीय तातडी? रीतसर सात दिवसाची नोटीस निघंल."

आणि पुढचे सात दिवस ती टेबलामागं ताठ बसून, एका हातानं दूध आणि दुसऱ्या हातानं माश्या मापून घेत राहिली. दोन्हींत भेसळ चालवून घेतली नाही.