पोळ्याला रंगवलेली लॉरी

"अरे, हिला झालंय तरी काय!" मी लॉरीखालून ओरडलो. बल्ब चांगला, तार चांगली, बॅटरी ठणठणीत, आणि मागचा लाल दिवा मात्र ढिम्म.

ड्रायव्हर दगडू शेजारी उकिडवा बसून रडकुंडीला आला होता. "मास्तर, सांजले फौजदारले दिवा दखाडना पडी. नही लागना तं मन्हं लायसन जाई!"

हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला किस्सा. नंदुरबारला मी मोटर मेकॅनिक होतो. लॉरी रनाळ्याच्या एका शेतकऱ्याची, वयानं माझ्याहून थोडीच लहान. मिरची भरून नवापूरला जायची. फौजदारांनी दगडूला मागच्या दिव्यावरून आधीही हटकलं होतं. आता माफी नव्हती.

बल्ब काढून थेट बॅटरीला लावला. लख्ख! जागेवर बसवला. अंधार. वैतागून मी चाकाला लाथ घातली. पाय तेवढा दुखला.

मग दिव्याचा पत्रा जरासा खरवडून तिथे पेचकस टेकवला आणि त्याचं दुसरं टोक खालच्या उघड्या लोखंडाला लावलं. दिवा लागला! आता सोपं करून सांगतो. मोटारीत वीज तारेतून दिव्याकडे जाते, पण परत येते ती गाडीच्या लोखंडातून. त्या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. लोखंडाला लोखंड भिडलं नाही की वाट बंद. दिवा उतरवून पाहिला, तर बैठकीखाली ऑइलपेंटचा जाडजूड थर. बोल्टसुद्धा रंगात बुडवून आवळलेले.

"हे कुणी केलं?"

लॉरीचे मालक शेजारीच बाजेवर विडी ओढत होते. "मी!" ते छाती काढून म्हणाले. "पोळाले रंगाडी. बैल इकीसन मोटर लिधी, मंग तिले कोरी ठेवू का? बोनेटवर पुरणपोळीबी ठेई!"

"आता हा रंग खरवडावा लागेल."

"हात लावू नको! पोळाना रंग शे तो. बैलनं शिंग खरवडतस का कोनी?"

माझं डोकं सणकलं. "मग बैलच जुंपा हिला!"

दगडूनं आमच्या दोघांपुढे हात जोडले. "अण्णा, मास्तर, तुम्ही भांडत बसा, मन्हा पोरेसले काय खावाडू?"

त्याचा चेहरा पाहून मलाच लाज वाटली. रंगाला आणखी धक्का न लावता दिव्याच्या आतून एक जादा तार काढली. गाडीखाली मालकांचा ब्रश पोचला नव्हता अशी जागा शोधली आणि तार तिथे चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आवळली. दिवा लागला.

संध्याकाळी फौजदारांनी गाडीला फेरी मारली, दिवा पाहिला आणि म्हणाले, "जा." दगडू भर रस्त्यात धाय मोकलून रडायला लागला. फौजदार गोंधळले. "अरे, सोडलंय तुला!"

तेव्हापासून मागचा दिवा बंद पडलेली गाडी आली, की मी बल्बला नंतर हात लावतो. आधी मालकाला विचारतो, "शेवटचा सण कोणता केलात?"