जगतापकाकांच्या डिझेलला आवाज बसवताना

चाळीस वर्षं बातमीदारी केली, पण संपादकाला विचारावं लागत नाही असा मजकूर मला मिळाला तो बडोद्याच्या हरणीतल्या एका गच्चीवरच्या खोलीत. किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. सोल्डरिंगच्या टेबलाखाली तारांचे तुकडे पडतात, तसे ते पडत राहतात. एखाद्या दिवशी झाडू घेतला की ढीग दिसतो.

खोली मेहुलभाईंची. ते नंदेसरीच्या एका केमिकल प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत आणि रविवारी सकाळी रुळांवर छोट्या गाड्या चालवतात. जगतापकाका रेल्वेतले निवृत्त डिझेल ड्रायव्हर. तिसरा मी. मला तारा जोडता येत नाहीत. भांडता येतं.

*

काकांनी टॉवेलात गुंडाळून एक इंजिन आणलं. वीतभर लांबीचं, तीसेक वर्षांपूर्वी घेतलेलं, मुकं. मेहुलभाई म्हणाले, "काका, हल्ली आवाजासकट तयार मिळतात. हे शोकेसमध्ये राहू द्या."

"माझा डावा कान गेलाय," काका म्हणाले. "उजवा वर्षभर टिकेल म्हणतात डॉक्टर. मला ह्याचाच आवाज ऐकायचाय."

मेहुलभाईंनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. शोकेसचं नाव पुन्हा निघालं नाही.

*

जुन्या मॉडेलमध्ये रुळातली वीज थेट मोटरला जाते. आता मध्ये नखाएवढी चिप बसवायची, तिला एक छोटा स्पीकर जोडायचा. मग रिमोटचं बटण दाबलं की चिप ठरवते, पळायचं की भोंगा द्यायचा. अट एकच: मोटर लोखंडी सांगाड्याला कुठेही चिकटता कामा नये. एक पत्ती चिकटलेली राहिली. पहिली चिप चार सेकंदांत जळाली, इंजिनाच्या टपातून धूर निघाला आणि मेहुलभाई डोकं धरून बसले.

काकांनी दोनदा वास घेतला. "आता कुठे डिझेल वाटतंय," म्हणाले.

*

दुसरी चिप परदेशातून मागवली, तर पार्सल कस्टममध्ये अडकलं. ते सोडवायला मी गेलो. खिडकीवरच्या भाईने विचारलं, "रमकडुं छे के मशीन?" मशीन असेल तर तीन फॉर्म आणि वरच्या साहेबांची सही, खेळणं असेल तर एकच फॉर्म. आणि साहेब रजेवर.

मी अर्धा तास भांडलो. हे खेळणं नाही, हा एका माणसाच्या नोकरीचा आवाज आहे, असं त्याला गुजरातीत, हिंदीत आणि शेवटी चिडून मराठीत सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि एकच फॉर्म पुढे सरकवला.

चाळीस वर्षांत खोट्या मजकुराखाली मी सही केली, ती ही एकच.

*

कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक चिपचा नंबर तीन असतो. तो बदलून घ्यायचा असतो, नाहीतर तीन नंबरची सगळी इंजिनं एकाच बटणाला ओ देतात. नवी चिप बसवल्याच्या आनंदात मेहुलभाई हे विसरले. काकांनी आपलं इंजिन सोडलं, तर पलीकडच्या टोकाला उभं असलेलं मेहुलभाईंचं शंटिंगचं इंजिनही निघालं. समोरासमोर टक्कर!

काकांच्या सर्व्हिसमध्ये एकही अपघात नव्हता. ते खरोखर पांढरे पडले. मेहुलभाईंनी हात जोडले, "काका, चूक मारी." मी म्हटलं, चौकशी समिती नेमू.

"नेमा," काका म्हणाले. "समितीत पत्रकार नको."

*

चिपमधला आवाज अमेरिकन निघाला. इंजिन जवळजवळ बरोबर होतं, पण तिकडे गाडी निघताना घंटा वाजवतात. टण् टण् टण् अशी घंटा देत काकांचं डिझेल निघालं. काकांनी उजवा कान पुढे केला, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "गाडी निघाली की आरती?"

मग काकांनी माइकसमोर बसून स्वतःच्या तोंडाने आवाज काढला: उभ्या इंजिनाची धडधड, मग वेग वाढवायच्या दांड्याचा पहिला खटका, दुसरा, आठव्यापर्यंत. घाम फुटला त्यांना. मेहुलभाईंनी ते रेकॉर्डिंग काकूंना फोनवर ऐकवलं. काकू म्हणाल्या, "हे रोज झोपेत करतात. मला वाटायचं, घोरतात."

*

बडोद्याच्या यार्डात आता विजेची इंजिनं गुपचूप येतात आणि जातात. डिझेलची धडधड शोधायची कुठे? शेवटी काकांचा एकेकाळचा असिस्टंट कामी आला. तो आता स्वतः ड्रायव्हर आहे. दूरच्या एका डेपोत उभ्या असलेल्या जुन्या डिझेलच्या केबिनमध्ये बसून त्याने वीस मिनिटं रेकॉर्ड करून पाठवली. मेहुलभाईंनी ती साफ करून चिपमध्ये भरली, स्पीकरखाली स्पंज लावला आणि टप बंद केला. ह्या सगळ्यात अकरा महिने गेले होते. काकांशी मी सुरुवातीला सवयीने ओरडून बोलायचो. एव्हाना गरज म्हणून ओरडत होतो.

त्या रविवारी मेहुलभाईंनी बटण दाबलं. हुबेहूब. काका आमच्या तोंडांकडे बघत होते.

"लावलं का?" त्यांनी विचारलं.

मेहुलभाईंनी आवाज पूर्ण वाढवला. काकांनी उजवा कान टपाला लावला, मग उचलला. थोड्या वेळाने त्यांनी इंजिनावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "खालचा स्पंज काढा."

मेहुलभाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की स्पंज काढला तर टप थरथरेल, सगळं काम बिघडेल. काकांनी वाचलं आणि होकाराची मान हलवली. अकरा महिन्यांची ती सफाई मेहुलभाईंनी चिमट्याने उपसून काढली.

इंजिन पत्र्याच्या डब्यासारखं खडखडू लागलं. काकांनी पुन्हा तळवा ठेवला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मेहुलभाईंचे डोळे भरले, म्हणून ते चहा आणायला खाली गेले, चहा घेऊन वर आले, तरी हात तिथेच. शेवटी मी काकांच्या खांद्याला हात लावला आणि खुणेने विचारलं, बंद करू का?

"थांबा," काका म्हणाले. "सिग्नल पडलेला नाही अजून."