पाय आत की बाहेर

"ऐकलं मी. पटलं नाही, पण ऐकलं."

काकांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये, जेवणाच्या रांगेत. कुणीतरी पुऱ्या गार आहेत म्हणून तावातावाने बोलत होतं आणि काका हातात झारा धरून शांतपणे हे उत्तर देत होते. तक्रार करणारा मुकाट्याने पुऱ्या घेऊन पुढे गेला.

पुढे कळलं की ही सवय मैदानावरची. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेले हे नागपूरकर गृहस्थ तीस वर्षं इथे इंग्लंडात अमेरिकन फुटबॉलचे रेफरी होते. हौशी संघ, हौशी रेफरी, सगळा रविवारचा कारभार. मुलगा युनिव्हर्सिटीत हा खेळ खेळायला लागला म्हणून हे बघायला गेले. मुलाने वर्षभरात खेळ सोडला. काका तिथेच राहिले.

मुख्य रेफरी पांढरी टोपी घालतो. ती त्यांनी कधी मागितली नाही. त्यांची जागा मैदानाच्या कडेला, रेषेवर. तिथे पाठीमागे उभा राहून एका संघाचा कोच सामना संपेपर्यंत कानाशी ओरडत असतो. त्या कोचसाठी ते वाक्य होतं. मंडळात ते आपलं असंच, जाता जाता कामाला आलं.

ब्रॅकनेलच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या मला त्यांनीच या नादाला लावलं. "अगं, रविवारी करतेस काय? ये, उभी राहा माझ्याबरोबर." मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, एवढं डोक्यात शिरायलाच महिना गेला. कितवा प्रयत्न चालू आहे ते विसरू नये म्हणून रेफरी बोटात रबर अडकवतात आणि दर प्रयत्नाला ते पुढच्या बोटावर सरकवतात. काकांचं रबर मंडळाच्या गणपतीतही सरकायचं. पाचवी आरती सुरू झाली की ते अस्वस्थ.

"अहो काका, काय झालं?"

"चारच्या वर मोजायची सवय नाही गं."

आमच्या रेफरींमध्ये एक रीत आहे. सामना संपला की कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येकाने आधी स्वतःची चूक सांगायची, मग दुसऱ्याबद्दल बोलायचं. काका नेहमी पहिले. त्यांच्या चुका इतक्या बारीक असायच्या की नव्या लोकांना वाटे, हे मुद्दाम शोधून आणतात.

दोन वर्षांपूर्वी कुणाला कुठल्या सामन्याला पाठवायचं ती यादी करायचं काम माझ्याकडे आलं. त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की काका हल्ली नुसते डोळे वळवत नाहीत, अख्खी मान वळवतात. उजव्या डोळ्याला कडेचं दिसेनासं झालं होतं. काकूंना ठाऊक होतं, मला दिसत होतं, आणि बोलायचं कुणीच नाही. शेवटी इतर रेफरींच्याही ते नजरेत आलं आणि संघटनेने ठरवलं, वार्षिक जेवणाला त्यांचा तीस वर्षांच्या सेवेबद्दल सत्कार करायचा आणि पुढच्या मोसमात त्यांना मैदानावर पाठवायचं नाही. हे दुसरं त्यांना मी सांगायचं.

सत्काराचं नाव काढताच काका म्हणाले, "सत्कार म्हणजे घरी पाठवायची तयारी. मला मॅच दे."

मी म्हटलं, "नुसतं जेवण आहे हो काका." धडधडीत खोटं बोलले मी. ज्या माणसाने मला रेषेवर कसं उभं राहायचं ते शिकवलं, त्याला तिथून बाजूला व्हा म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

जेवण एका हॉटेलात, दुपारचं. काका टाय लावून आले होते. टाळ्या झाल्या, काचेचं मानचिन्ह हातात आलं आणि ते माइकसमोर उभे राहिले. बोलले इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगते.

"सप्टेंबरमध्ये शेवटच्या सामन्यात माझ्यासमोर, अगदी रेषेपाशी, एकाने झेल घेतला. पाय आत पडला असेल तर झेल, बाहेर पडला असेल तर नाही. मी हात पाहिले. पाय मला दिसलाच नाही. बाहेर पडला असणार असं धरून चाललो आणि झेल नाकारला. इतक्या ठामपणे, की कोचसुद्धा ओरडला नाही. नंतर खोलीत तुम्हाला मी दुसरीच एक किरकोळ चूक सांगितली. तीस वर्षांत पहिल्यांदा लपवलं. यादीतून माझं नाव काढा."

मग पांढऱ्या टोपीवाले आमचे सगळ्यात वयस्क रेफरी उभे राहिले, आणि त्यांच्यामागोमाग सगळेच. मी उभी राहिले तेव्हा मला रडू आवरत नव्हतं. जे मला सांगायला जमलं नाही, ते त्यांनी स्वतःच, तेही सत्काराच्या दिवशी, सांगून टाकलं होतं. सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली.

गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "शनिवारी सकाळी मोकळी आहेस का? त्या संघाच्या प्रॅक्टिसला जायचंय."

शनिवारी गेलो. कोच म्हणजे एक दांडगे शाळामास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "अहो, आम्ही तो सामना तसाही हरलोच असतो."

"ते तुमचं झालं," काका म्हणाले. "माझं राहिलं होतं."

झेल घेणाऱ्या पोराला बोलावणं गेलं. तो धापा टाकत आला, हेल्मेट काढलं, काकांचं म्हणणं ऐकलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "खरं सांगू? पाय आत होता की बाहेर, मलाही माहीत नाही." काका इतके मनमोकळे हसले की मीही हसत सुटले. तीस वर्षं ओरडा खाल्लेला माणूस, त्याच्याशी पहिल्यांदाच कुणी मैदानावर इतकं गोड बोललं असेल.

कोचने आग्रहाने चहा दिला. कागदी पेले घेऊन आम्ही रेषेपाशी उभे होतो. पलीकडून एक लांब चेंडू आला, आमच्यापासून चार पावलांवर एकाने तो झेलला आणि धपकन आडवा झाला. खेळ थांबला. सवयीने सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

"आत की बाहेर?" कोचने विचारलं.

"मला दिसलं नाही," काका म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला.